दौलतजीचा ओटा आणि माझ्या काचा

वऱ्हाडात ऊन विकत घेणारी माणसं मी पाहिली आहेत, असं सांगितलं की आजकालची पोरं 'म्हातारा चळला' अशा नजरेनं बघतात. इथं चैत्र लागला की कावळासुद्धा सावली धरून बसतो. पण कापसाला भाव चढला त्या वर्षांत कोणाला काय सुचेल याचा नेम नव्हता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इथं अमरावती-अकोल्याच्या पेठांत पैसा खेळू लागला. हातात पैसा आला की माणूस आधी घर उकरतो. घर उकरलं की सुताराला बोलावणं येतंच. मला जरा जास्तच यायचं, कारण मी काच बसवणारा सुतार होतो आणि या भागात तसा दुसरा कोणी माझ्या तरी माहितीत नव्हता.

मासिकाच्या अंकवाल्यांनी धंद्यातल्या आठवणी लिहा म्हणून गळ घातली आहे. जन्मापासूनची जंत्री देण्यात मला रस नाही आणि वाचणाऱ्यालाही नसणार. मी मूळचा अंजनगाव सुर्जीचा. बाप बैलगाड्या करायचा. काच मी खानदेशात शिकलो. आगगाडीचे रूळ तेव्हा तिथवर येऊन थांबले होते आणि साहेबलोकांच्या बंगल्यांना खिडक्या बसवायचं काम निघालं होतं. गाडीच्या कामातून काचेच्या कामात आलेल्या माणसाला पहिल्यांदा जुनं विसरावं लागतं. चाक जितकं घट्ट ठोकाल तितकं चांगलं. काचेचं उलटं. लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि मधे घट्ट अडकलेली काच एके दिवशी कोणी हात न लावता तडकते. म्हणून खाचेत काचेच्या चहूबाजूंनी थोडी जागा सोडायची आणि ती लांबीनं भरायची. लांबी म्हणजे जवसाचं तेल आणि खडूची पूड कणकेसारखी मळून केलेला गोळा. ती वाळेपर्यंत थांबावं लागतं, आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुने. अकोल्याच्या एका अडत्यानं माडीवरची उघडी गच्ची माझ्याकडून काचेनं बंद करून घेतली. थंडीत सकाळी तिथं बसून हुक्का ओढायचा त्याचा बेत होता. माघ संपला आणि आत पाय ठेवणं कठीण झालं. मी हिशेब मागायला गेलो तर आत पापड, कुरडया आणि मुगाच्या वड्या वाळत होत्या, आणि त्याची बायको मला म्हणाली, "मिस्त्री, तुमच्या हाताले देव बरकत देवो. ना धूळ, ना कावळे." नवरा मान खाली घालून बसला होता. तिच्याइतकं खूश गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

पण मला लिहायचं आहे ते अमरावतीच्या ओट्याबद्दल.

राजापेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर किसनलाल शेठ नावाच्या कापूस व्यापाऱ्याची पेढी होती. पेढीपुढं गुडघ्याइतका उंच, दगडी कडांचा लांबरुंद ओटा. वर लाकडी खांबांवर मातीचं धाबं, आणि तीन बाजू मोकळ्या. हंगामात या ओट्यावर कापसाची पारख व्हायची. गाड्या समोर लागायच्या, प्रत्येक गाडीतला पसाभर कापूस ओट्यावर यायचा आणि दौलतजी तो बघायचा.

दौलतजी शेठचा पारखी. पन्नाशीच्या पुढचा, किडकिडीत, डोक्याला लाल पागोटं. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून तो हळूच ओढायचा, धागा किती लांब तुटतो ते बघायचा, मग रंग न्याहाळायचा. आपल्याकडे लांब धाग्याची बनी आणि आखूड, खरबरीत जरी, असे दोन कापूस. भाव चढल्यावर बनीत जरी मिसळायची, पाणी मारून वजन वाढवायचं, पिवळा पडलेला कापूस, म्हणजे कवडी, मधे दडवायची, असले धंदे सगळीकडे चालले होते. पारखीही विकले जात. दौलतजी विकला गेला नाही. वलगावचे कुणबी चार पेढ्या ओलांडून या ओट्यावर यायचे, कारण इथं चांगल्या कापसाला कोणी कवडी म्हणणार नाही याची त्यांना खात्री होती. त्याचा शब्द पडला की विकणारा आणि घेणारा दोघेही गप्प बसत.

हा ओटा काचेनं बंद करायचा म्हणून शेठजींनी मला बोलावलं. वाऱ्यानं रुई उडते, रस्त्याची धूळ बसते, माल नीट दिसत नाही, असं कारण सांगितलं. वरचं धाबं उतरवून तिथंही काच घालायची. मला अर्थातच आनंद झाला. एवढं मोठं काम मी आधी केलं नव्हतं.

मी मापं घेत होतो तेव्हा दौलतजी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. शेठजी आत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, हे शेठजीच्या डोक्यातलं नाई. मीच भरवलं त्यायच्या डोक्यात."

"चांगलं केलं की."

"काहून केलं ते आयका. मले दिसत नाई."

मला वाटलं थट्टा करतोय. तो पुढं बोलला, "पडदा आला डोळ्यावर, दोनी. सकाळी निभते. दुपार कलली का धाब्याखाली मले सारं धुरकट दिसते. बोटानं चालवून राह्यलो. पण रंग बोटाले नाई समजत. तुमी जितका उजेड आत आणान तितके दिवस मी अथी बसन. कोणाले सांगू नका."

मी विचारलं, वैद्याला का दाखवत नाही. एलिचपूरकडे एक सुईवाला वैद्य होता, डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू बाजूला सारायचा. दौलतजी म्हणाला, "त्याच्याकडे गेलेल्या एकाचा डोळा वाहून गेला, मी पाह्यला हाये." त्याला ना शेत होतं ना मूलबाळ. बायको होती, आणि ही बसायची जागा होती. पारख्याचे डोळे गेले ही गोष्ट बाजारात फुटली असती तर त्याच दिवशी ती जागा गेली असती. आणि ज्यांचा कापूस तो खरा सांगायचा, त्यांचीही जागा गेली असती. हे त्यानं मला सांगितलं नाही. ते मला दिसत होतं.

त्या दिवसापासून ते काम शेठजींचं राहिलं नाही, दौलतजीचं झालं. मी खांब बारीक करून घेतले, म्हणजे आडोसा कमी. ओट्यावर निंबाची एक फांदी यायची, ती तोडवली. मेळघाटचं जुनं सागवान घेतलं. वरच्या काचा घरावरच्या कवेलूंसारख्या एकीवर एक चढवून बसवायच्या ठरवल्या. जमीन पांढऱ्या चुन्यानं घोटवली, मागची भिंतही पांढरी केली, उजेड दुप्पट व्हावा म्हणून. आम्हा दोघांची समजूत साधी होती. अंधारात दिसत नाही, म्हणजे उजेडात दिसेल. जितका जास्त, तितकं जास्त.

काचा मुंबईहून आगगाडीनं खानदेशापर्यंत आणि पुढं बैलगाडीनं आल्या. मी रुईत गुंडाळून आणल्या तरी नदीच्या उतारावर एक पेटी गेलीच. फाल्गुन लागेपर्यंत बाजू बंद झाल्या, मग छप्पर. दार मी उत्तरेकडं ठेवलं. उरलेल्या बाजूंनी खालपासून वरपर्यंत काच.

पहिल्यांदा दौलतजी आत बसला तेव्हा माथ्यावर ऊन होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं रुई हातात धरली, जवळ नेली, लांब नेली. कपाळावर हात धरून डोळे बारीक केले. मग खाली ठेवली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "सारं पांढरं झालं. जमीन पांढरी, भित पांढरी, कापूस पांढरा. मले मायाच हात नाई दिसून राह्यला."

त्याच्या डोळ्यावरच्या पडद्याला उजेड लागला की तो पडदाच पेटल्यासारखा व्हायचा, पलीकडचं काही दिसायचं नाही. हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. तेव्हा आम्हाला कोण सांगणार? निदान धाब्याखाली त्याला सकाळपुरतं दिसायचं. ते धाबं मी उतरवलं होतं, आणि त्याची माती मी गाडीत भरून पाठवून दिली होती.

पुढच्याच आठवड्यात शेठजींनी सांगितलं की मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा साहेब येतोय. पेढीचा उरलेला सगळा माल तो घेणार, पण आधी पारखी कसा आहे ते समोर बसून बघणार. त्याला बऱ्याच ठिकाणी भेसळीचा माल मिळाला होता. शेठजींनी सगळ्या पेठेला सांगून ठेवलं होतं, साहेब काचेच्या खोलीत बसणार म्हणून. दौलतजी ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण हातातल्या रुईची त्यानं पार वात करून टाकली होती.

साहेब यायला चार-पाच दिवस असताना एक दिवस असा आला की सकाळपासून हवा मेलेली होती. दुपारी पश्चिमेकडून पिवळट काळं आभाळ उठलं. वऱ्हाडातल्या माणसाला ते आभाळ ओळखू येतं. फाल्गुनातली गारपीट उभा गहू झोडपून काढते, काचेचं काय सांगावं. माझी लांबी अजून धड वाळलेली नव्हती. पलीकडे हमालांच्या झोपड्यांसाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, विणलेल्या ताट्या रचून ठेवल्या होत्या. मी हमालांना हाका मारल्या. शिडी लावून मी वर चढलो. काचेवर पाय देता येत नाही, दोन काचांमधल्या लाकडी पट्टीवरच द्यावा लागतो, आणि ती पट्टी चार बोटं रुंद. खालून ताटी वर येई, मी ती सरकवी, पुन्हा पट्टीवर मागं येई. वारा सुटला तेव्हा निम्मं छप्पर उघडं होतं. एक ताटी वाऱ्यानं माझ्या हातातून नेली. एकदा पाय घसरला आणि गुडघा काचेच्या वर अधांतरी राहिला. शेवटची ताटी सरकवली आणि पहिली गार माझ्या पाठीत बसली.

मी खाली येऊन आत शिरलो. वर गारा अशा वाजत होत्या की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दौलतजी आपल्या जागेवर बसला होता. मी वर बघत बसलो, कुठून काच तडकल्याचा आवाज येतो म्हणून. आला नाही. गारा ओसरल्या, ढग सरकला आणि ऊन पडलं. ताट्यांच्या फटींतून बारीक, मऊ उजेड खाली येत होता. दौलतजीनं समोरच्या ढिगातून चिमूटभर रुई उचलली आणि डोळ्यांपाशी धरली.

"मिस्त्री, ह्याच्यात पिवळी काडी हाये."

मी वाकून पाहिलं. होती.

"आता दिसून राह्यलं मले," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. लपवायचं कारण नाही.

मग मी ताट्या काढल्याच नाहीत. शेठजींनी विचारलं तर म्हणालो, लांबी ओली आहे, एकदम ऊन लागलं तर काचा उडतील. थोडं खरं होतं, थोडं पदरचं. नंतर म्हणालो, उन्हात रुई पांढरीफेक दिसते, पारखीला रंग कळणार नाही, साहेब फसला तर तुमचंच नाव खराब होईल. शेठजी ऐकून घेत. पण ताट्या त्यांच्या डोळ्यांत खुपत होत्या. "एवढी काच मुंबईहून आणली ते पऱ्हाटीखाली झाकायले? लोक म्हणतीन, किसनलालनं झोपडी बांधली." साहेब येण्याच्या सकाळी त्यांनी हुकूमच केला. ताट्या काढा. काचा पुसा.

काचा मी स्वतः पुसल्या. बाजूच्या आधी, सावकाश. इतक्या सावकाश की साहेब येऊन आत बसला तरी छपरावरच्या ताट्या निघायच्या होत्या. मी वर चढलो आणि कडेची एकेक ताटी खाली द्यायला लागलो. दौलतजीच्या बैठकीवरची तेवढी ठेवली.

वरून मला सगळं दिसत होतं, आणि उघड्या दारातून ऐकूही येत होतं. साहेबाचा दुभाषी, शेठजी, मध्ये पांढरी चादर आणि तिच्यावर साहेबानं पारखायला आणलेल्या कापसाच्या तीन पुड्या. बाहेर रस्त्यावर वलगावच्या गाड्या थांबल्या होत्या आणि माणसं काचेला नाक लावून उभी होती. दौलतजीनं पहिली पुडी सोडली. ओढून पाहिली, सावलीत धरली. "बनी. साफ." साहेबानं मान हलवली. दुसरी. "बनी, पण जरी मिसळली. रुपयात चार आणे." साहेब दुभाष्याशी काहीतरी बोलला आणि हसला. बरोबर आलं असावं. तेवढ्यात त्यानं वर पाहिलं, ती एकटी ताटी त्याला दिसली, आणि त्यानं काहीतरी विचारलं. शेठजींनी तोंड वर करून मला हाताची खूण केली. मी न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी हाक मारली, "मिस्त्री, काढ ते."

मी काढली. काय करणार होतो?

ऊन थेट दौलतजीच्या मांडीवर पडलं. त्याच्या हातात तिसरी पुडी होती. तो थांबला. साहेब थांबला. रस्त्यावरचीही कुजबुज थांबली. मी पट्टीवर ताटी धरून उभा होतो. दौलतजीनं चक्क डोळे मिटले. रुई ओढली, अंगठ्याखाली घोळली, ओठाला लावली, हुंगली. बराच वेळ हुंगली. मग डोळे न उघडताच म्हणाला, "बनी. पण झाडावर असतानी पावसाचा मार खाल्ला. रंग पिवळा असन."

दुभाष्यानं सांगितलं. साहेबानं ती रुई स्वतःच्या हातात घेतली, पाहिली, आणि दौलतजीच्या खांद्यावर थाप मारली. दौलतजीनं डोळे मिटले होते ते कसबाचा भाग म्हणून सगळ्यांनी धरलं. शेठजींनी पानाचं तबक मागवलं. मी शिडीवरून खाली उतरलो. छातीवरून धोंडा उतरला होता. बाहेरच, पूर्वेच्या काचेला लागून, मी घाम पुसत उभा राहिलो.

आत दौलतजी उठला. काम संपलं की तो पूर्वेच्या कडेनं ओट्यावरून खाली पाय टाकायचा आणि समोरच्या विहिरीवर तोंड धुवायचा. त्या ओट्याला कधी दारच नव्हतं, ज्याला जिथून वाटेल तिथून तो उतरायचा. इतक्या वर्षांचे पाय ते. मनावरचं ओझं गेलं होतं, मान वर होती, आणि तो सरळ माझ्याकडे चालत आला. मी तोंड उघडलं तोवर त्याचं कपाळ काचेवर आपटलं.

आवाज मोठा झाला. सगळे वळले. पण यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. काचेची भिंत कोणी पाहिली होती तेव्हा? त्याच आठवड्यात खुद्द शेठजी त्याच जागी नाक आपटून बसले होते. मी बाहेरूनच मोठ्यानं हसत म्हणालो, "शेठजी पयले, दौलतजी दुसरे." रस्त्यावरची माणसं हसली. आत साहेब हसला. दौलतजीही कपाळ चोळत हसला. तेवढ्यावर भागलं असतं. त्यानं फक्त वळून दाराकडे जायचं होतं.

पण धडकेनं त्याची दिशा गेली. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि काच चाचपायला सुरुवात केली. एक काच, मग लाकडी दांडी, मग दुसरी काच. त्याचे तळवे माझ्या तोंडासमोरून सरकत गेले. दार उत्तरेला होतं आणि तो उलट दिशेला चालला होता. तो कोपऱ्यापर्यंत गेला, कोपरा हाताला लागला तसा परत फिरला, आणि पुन्हा त्याच काचा चाचपत आला. एकेकाचं हसू मावळलं. भिंत असती तर आतल्या चौघांनी पाहिलं असतं. काच होती, म्हणून अख्ख्या रस्त्यानं पाहिलं.

शेठजी उठले आणि त्यांनी त्याचा हात धरला. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"कवापासून?"

"दोन हंगाम झाले."

"अन् मले नाई सांगतलं."

"सांगतलं असतं तं बसू देलं असतं का तुमी?"

शेठजींनी स्वतः त्याला दाराबाहेर आणलं, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. साहेबानं माल घेतला. पुढच्या हंगामात त्या बैठकीवर दुसरा पारखी आला, आणि वलगावच्या गाड्या हळूहळू त्या रस्त्यानं यायच्या थांबल्या. कापसाचा भावही मग उतरला, पण ते वेगळं.

त्या दिवशी पायऱ्यांशी शेठजींनी दौलतजीचा हात माझ्या हातात दिला. त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. आम्ही विहिरीकडे निघालो. माणसं वाट करून देत होती. थोडं चालल्यावर तो थांबला.

"मिस्त्री, काच फुटली का?"

"नाही, दौलतजी."

"तडा?"

"नाही."

"मंग पक्कं काम केलं तुमी," तो म्हणाला.

मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.